दोन सुताचा चौकोन : जुन्या गोटी-पान्यांचा संग्रह

जुनी नाणी, जुनी टपाल तिकिटे किंवा जुन्या पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थाला समाजात रसिक म्हणून मान मिळतो. जुने पाने जमविणाऱ्याला मात्र घरची माणसेसुद्धा भंगारवाला म्हणतात. त्यातून त्याने ‘मी गोट्या जमवितो’ असे सांगितले तर विचारावयासच नको. तरीही आजचा विषय हाच आहे. गॅरेजात आणि कारखान्यात जिला गोटी म्हणतात तिचा, आणि त्यातही लहान चौकोनाच्या गोट्यांच्या जुन्या पेट्यांचा संग्रह कसा करावा, त्या कशा ओळखाव्यात आणि मुख्य म्हणजे त्या कशा वाचाव्यात, हे मला सांगावयाचे आहे. घोडपदेवसारख्या वस्तीत हा विषय उपरा नाही. एका बाजूला माझगाव गोदी, दुसऱ्या बाजूला भायखळा-परळचे कारखाने आणि पाठीशी दारूखाना (हा दारूखाना दारूगोळ्याचा, पिण्याच्या दारूचा नव्हे), अशा ठिकाणी घराघरातल्या पलंगाखाली एक लोखंडी पेटी असावयाचीच. ती आता वजनावर विकली जात आहे, आणि म्हणूनच हा विषय आज बोलण्याजोगा झाला आहे.

प्रथम वस्तू समजून घेऊ. नट सामान्यतः षट्कोनी असतो. उघड्या तोंडाचा साधा पाना त्याच्या समोरासमोरच्या दोनच बाजू धरतो. गोटी त्याच्यावर टोपीसारखी बसते व सर्व बाजूंनी धरते. त्यामुळे नटाचे कोपरे झिजत नाहीत आणि खोल खड्ड्यात बसलेला नटही सुटतो. गोटीच्या वरच्या तोंडाला चौकोनी भोक असते. त्यात दांड्याचा चौकोन बसतो. त्या चौकोनाच्या एका अंगास स्प्रिंगवर बसविलेली बारीक गोळी असते; ती ‘खट्’ करून आत अडकली की गोटी दांड्यावरून निसटत नाही. दांडा एक आणि गोट्या अनेक, ही त्यातली खरी युक्ती. अदलाबदलीच्या गोट्या विसाव्या शतकाच्या आरंभापासून अमेरिकेत मिळत असत. परंतु १९२० साली मिल्वॉकी शहरात जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडमन यांनी पाच दांडे आणि दहा गोट्या असा संच काढला, आणि पन्नास पान्यांचे काम हे पाच करतात असे सांगून तो गावोगाव विकला. जॉन्सन ज्या कंपनीत नोकरीस होता तिने ही कल्पना आधी नाकारली होती. त्या ‘खट्’ आवाजावरूनच ‘स्नॅप-ऑन’ हे नाव पडले.

आता चौकोनाचे माप. आपल्याकडचा जुना कारागीर इंचाचे आठ भाग करतो आणि प्रत्येक भागाला सूत म्हणतो. अर्धा इंच म्हणजे चार सूत, पाव इंच म्हणजे दोन सूत. मोटारीच्या चाकाला आणि इंजिनाच्या डोक्याला चार सुताचा चौकोन लागतो. मधल्या कामाला तीन सुताचा. आणि कार्बुरेटर, मॅग्नेटो, डायनॅमो, रेडिओ, मोजमापाची यंत्रे अशा नाजूक कामाला दोन सुताचा. या दोन सुताच्या पेट्यांवर माझा जीव आहे. चार सुताचा दांडा माणूस अंगाच्या जोराने ओढतो. दोन सुताचा दांडा मनगटाने चालतो, आणि बोल्ट तुटण्याच्या बेतात आला की ते बोटांना आधी कळते. ज्याला ते कळत नाही तो चौकोन तरी पिळतो, नाही तर बोल्ट तरी तोडतो. पिळलेला चौकोन जुन्या पेटीत पुष्कळदा दिसतो. तो कोण्या नवशिक्या हेल्परचा हस्ताक्षराचा नमुना समजावा.

संग्राहकाने येथे एक खुबी लक्षात ठेवावी. आज पाव इंच हे लहान चौकोनाचे ठरलेले माप आहे, परंतु आरंभी तसे नव्हते. काही जुन्या अमेरिकन संचांत हा चौकोन बत्तीसांश इंचाचे नऊ भाग, म्हणजे बरोबर सव्वादोन सूत असे. मिलिमीटरमध्ये सांगावयाचे तर पाव इंच ६.३५ आणि हा ७.१४. डोळ्यांना फरक दिसत नाही. हाताला लागलीच कळतो, कारण आजची गोटी त्या दांड्यावर चढत नाही आणि त्यातली गोटी आजच्या दांड्यावर डळमळते. बाजारात अशा गोट्या ‘बिघडलेल्या’ म्हणून बाजूला टाकलेल्या सापडतात. त्या बिघडलेल्या नसतात. त्यांचे मापच निराळे असते. व्हर्निअर कॅलिपर खिशात घालून हिंडणाऱ्याला लोक हसतात खरे, पण अशा वेळी त्याचे चीज होते.

इतके झाल्यावर मुख्य गोष्टीकडे येतो. मुंबईतली जुनी गोट्यांची पेटी उघडली तर तिच्यात बहुधा तीन राष्ट्रांची, किंबहुना तीन युगांची मापे शेजारीशेजारी नांदताना दिसतात. ही गोष्ट अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या पेटीत सहसा दिसत नाही. तेथे पेटी एका कंपनीची आणि एका मापाची. आपली पेटी म्हणजे चाळीतले बिऱ्हाड.

पहिले घराणे इंग्रजी. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली स्क्रूच्या आट्यांचे एक सर्वमान्य माप असावे अशी सूचना मांडली. आट्याचा कोन पंचावन्न अंश, आणि प्रत्येक जाडीला ठरलेले आटे. त्यापूर्वी प्रत्येक कारखान्याचा बोल्ट त्याच कारखान्याच्या नटात बसे. व्हिटवर्थची गोटी पहिल्यांदा हाती घेणारा हमखास गोंधळतो, कारण तिच्यावर पाव इंच कोरलेले असते आणि तोंड मोजावे तर अर्ध्या इंचापेक्षा मोठे, ०.५२५ इंच, भरते. याचे कारण असे की इंग्रजी पान्यावरचा आकडा नटाच्या रुंदीचा नसून आतल्या बोल्टाच्या जाडीचा असतो. पुढे ‘बीएसएफ’ हे बारीक आट्यांचे माप आले. त्यात त्याच जाडीच्या बोल्टाचे डोके एक पायरी लहान ठरले. म्हणून इंग्रजी गोटीवर दोन आकडे असतात, एक व्हिटवर्थचा आणि एक बीएसएफचा. दोन आकडे दिसले की गोटी इंग्रजी समजावी.

या घराण्याची एक धाकटी पाती आहे, तिला ‘बीए’ म्हणतात. ब्रिटिश असोसिएशन या विद्वत्सभेने १८८४ साली यंत्रोपकरणांच्या बारीक स्क्रूंसाठी हे माप सुचविले. यात शून्य क्रमांकाचा बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचा आणि त्याच्या दोन आट्यांमधले अंतर एक मिलिमीटर. पुढच्या प्रत्येक क्रमांकाला हे अंतर मागच्याच्या नऊ दशांश होत जाते. मिलिमीटरला नाक मुरडणाऱ्या इंग्रजांनी आपल्या सर्वांत नाजूक कामासाठी स्वित्झर्लंडचे मिलिमीटरचे माप गुपचूप घरात घेतले, ही गंमतच म्हणावयाची. दोन सुताच्या पेटीत २ बीए आणि ४ बीए या गोट्या असल्या तर त्या पेटीच्या धन्याने विजेचे, टेलिफोनचे किंवा रेडिओचे काम केले असावे, असा तर्क करावयास हरकत नाही.

दुसरे घराणे अमेरिकन. येथे सरळ व्यवहार. नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर जितके, तितकाच आकडा गोटीवर. मुंबईत हे माप जनरल मोटर्सने शिवडीला १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला तेव्हापासून रुळले. तो कारखाना १९५४ साली बंद झाला. पण तेथे शिकलेले हात शहरभर पसरले. दुसऱ्या महायुद्धात आणि युद्धानंतर अमेरिकन लष्कराचा शिलकी माल आला. त्यात जीपगाड्या होत्या आणि जीपगाड्यांबरोबर हत्यारेही होती. स्वातंत्र्यानंतर महिंद्र कंपनीने माझगावातच जीप जोडावयास सुरुवात केली. १९४८ साली अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा यांनी आट्यांचे एक सामाईक माप मान्य केले, तेव्हा इंग्रजी मोटारींच्या नटांनीही हळूहळू हेच अमेरिकन अंगरखे घातले.

तिसरे घराणे मिलिमीटरचे. युरोपात ते जुनेच होते. आपल्याकडे १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला, १९५७ साली नवे पैसे आले आणि १९६२पर्यंत मीटर-किलोग्रॅमचा अंमल सर्वत्र झाला. दुकानातला शेर गेला; पण कारखान्यातली यंत्रे कायद्याने बदलत नाहीत. लँकेशायरहून आलेले स्पिनिंगचे यंत्र जोवर चालत होते तोवर त्याला व्हिटवर्थचाच पाना लागत होता. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यातून निघालेल्या फियाट आणि त्यानंतरच्या काळात आलेल्या व्हेस्पा व लँब्रेटा स्कूटरी मात्र मिलिमीटरच्या.

आता मौज पाहा. व्हिटवर्थची तीन षोडशांश गोटी तोंडाला ११.३० मिलिमीटर भरते. अमेरिकन साडेतीन सुताची, म्हणजे सात षोडशांश इंचाची, ११.११ भरते. आणि मिलिमीटरची ११ ही तर ११च. व्हेस्पाच्या इंजिनावर या ११च्या नटांची रांगच असते. तिन्ही गोट्या तळहातावर घेतल्या तर जुळ्या बहिणी वाटतील. तिन्ही त्या नटावर चढतात. परंतु व्हिटवर्थची गोटी चढवून जोर केला की नटाचे कोपरे गेले, नट गोल झाला, आणि मग छिन्नी-हातोडीवाचून गत्यंतर नाही. उलट आठ मिलिमीटर आणि अडीच सूत यांत फरक केवळ सहा शतांश मिलिमीटरचा. तेथे एकीचे काम दुसरी खुशाल करते. कोणती गोटी कोठे चालवून घ्यावी आणि कोठे मुळीच चालवू नये, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात क्रमवार लिहिलेले नव्हते. ते फिटरच्या डोक्यात आणि त्याच्या पेटीच्या मांडणीत होते. म्हणून मी म्हणतो की पेटी वाचावयाची असते. एखाद्याने अकराच्या तिन्ही गोट्यांपैकी एकीला लाल रंगाचा ठिपका दिलेला असतो, एकीला कानशीने खाच पाडलेली असते. ती खाच गोटी खराब करण्यासाठी नव्हे. अंधारात, गाडीखाली आडवे पडून, बोटाने ओळखता यावी म्हणून.

गिरण्यांविषयी मात्र एक गैरसमज दूर केला पाहिजे. या भागातली प्रत्येक जुनी पेटी विकणारा ‘गिरणीची आहे’ असे सांगतो, कारण गिरणी म्हटले की घेणाऱ्याचे मन विरघळते. वास्तविक गिरणीतल्या फिटरचे बहुतेक काम उघड्या पान्यावर आणि रिंग पान्यावर चाले. दोन सुताचा गोटी-संच ही मोटार गॅरेज, टूलरूम, विजेचे खाते आणि जहाजावरची उपकरणे यांची वस्तू. माझगाव गोदीची सुकी गोदी १७७४ची. १९६० साली ती सरकारकडे गेली. तिच्या आसपासच्या वर्कशॉपांतून आलेल्या पेटीत इंग्रजी गोट्यांचे प्रमाण जास्त सापडले तर नवल नाही. दारूखान्यात दीर्घकाळ जहाजे तोडली गेली; प्रत्येक जहाजाच्या इंजिनखोलीत त्या त्या देशाची हत्यारे. तेथून सुटलेल्या गोट्या घोडपदेवच्या गॅरेजांत, तेथून चोरबाजारात, आणि चोरबाजारातून संग्राहकाच्या कपाटात, असा हा प्रवास.

नावांवरून ओळख कशी करावी, ते थोडक्यात सांगतो. ‘ब्रिटूल’ आणि बर्मिंगहॅमची ‘किंग डिक’ ही इंग्रजी नावे. किंग डिक हे एका बुलडॉग कुत्र्याचे नाव, आणि त्या कुत्र्याला कंपनीच्या शिक्क्यात स्थान मिळाले. ‘प्लॉम्ब’ ही अमेरिकन कंपनी. दुसऱ्या एका प्लम्ब नावाच्या हातोडी-कुऱ्हाडीवाल्या कंपनीशी नावावरून तंटा झाला म्हणून १९४८ साली तिने ‘प्रोटो’ हे नाव घेतले. त्यामुळे प्लॉम्ब नावाची गोटी त्याआधीची ठरते. जर्मनीतल्या रेमशाइड गावाने दोन नावे दिली. हेर्मान झेर्व्हर याची आद्याक्षरे जर्मन उच्चाराने ‘हा-झेट’, म्हणून ‘हॅझेट’. आणि डोविडाट बंधूंच्या व गावाच्या नावांची आद्याक्षरे जुळवून ‘गेडोरे’. गोटीवर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण आणि वर्ष असेल तर ती ब्रिटिश लष्कराची. अमेरिकन गोटी जर काळी, चमक नसलेली असेल तर ती युद्धकाळातली असण्याचा संभव आहे, कारण तेव्हा क्रोमियम आणि निकेल युद्धकामासाठी राखून ठेवले होते.

मुलाम्याचा रंगही बोलतो. निकेलची झाक किंचित पिवळसर, क्रोमियमची निळसर, आणि कॅडमियमची मंद राखाडी. या शेवटच्या मुलाम्याविषयी सावधगिरीची सूचना अवश्य देतो. कॅडमियम विषारी आहे. राखाडी गोटी पॉलिशपेपरने घासू नये, ग्राइंडरवर धरू नये, तापवू तर मुळीच नये. त्याची पूड आणि धूर पोटात-छातीत जाऊ देऊ नये. फडक्याने पुसून तेल लावावे, बस्स.

एरवीचीही निगा साधी आहे. रॉकेल मिळाले तर रॉकेल, नाही तर डिझेल घेऊन त्यात गोट्या रात्रभर बुडवून ठेवाव्यात, पितळी तारेच्या ब्रशाने हलक्या हाताने घासाव्यात आणि कोरड्या करून शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा. मुंबईच्या पावसाळ्यात हे वर्षातून दोनदा करावे लागते. रॅचेटमध्ये ग्रीस भरू नये. रॅचेटच्या चाकाला चोवीस दाते असतील तर दर पंधरा अंशांना त्याची खिटी पडते, छत्तीस असतील तर दहा अंशांना; ती खिटी ग्रीसमध्ये चिकटली की दाता सुटतो आणि बोटांची सालटी जातात. पातळ तेलाचे दोन थेंब पुरतात. नवा क्रोम मुलामा चढवून आणू नये. लखलखीत होते खरे, पण अक्षरे बुजतात आणि तोंडाचे मापही बिघडते. आणि जुन्या पातळ भिंतीच्या गोटीवर आज लांब नळी चढवून जोर काढू नये. तिच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर असली तर ती डोळ्यांना दिसत नाही.

संग्रह करणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, संच पूर्ण पाहिजे. एकाच कंपनीचा, एकाच वर्षाचा, मूळ पेटीतला, एकही गोटी परकी नको. हा पंथ परदेशात बलवान आहे आणि तेथील परिस्थितीला तो शोभतो. आपल्याकडे त्याचे अनुकरण करणाऱ्यांनी माझ्या मते मोठे नुकसान चालविले आहे. घोडपदेवच्या फिटरची पेटी विकत घ्यावयाची, तीतल्या सहा ब्रिटूल निवडावयाच्या, बाकीच्या अठरा पगड गोट्या रद्दीत द्यावयाच्या, आणि त्या सहांच्या जोडीला बाहेरून आणखी सहा मागवून ‘पूर्ण संच’ काचेच्या कपाटात ठेवावयाचा! असा संच बर्मिंगहॅममध्येही मिळेल. जी पेटी जगात दुसरीकडे कोठेही मिळणार नव्हती ती आपण मोडलेली असते.

त्या पेटीत काय काय होते ते पाहा. झाकणाच्या आतल्या बाजूला खंडेनवमीच्या पूजेचे हळदकुंकू वर्षानुवर्षे साठून त्याचा काळपट डाग झालेला. दांड्यावर अक्षरपंचाने ठोकलेली आद्याक्षरे किंवा तिकीट नंबर, म्हणजे हजेरीवरचा कामगाराचा क्रमांक. घरीच बनविलेली एखादी गोटी, नळीचा तुकडा तापवून नटावर ठोकून षट्कोनी केलेली. सायकलच्या स्पोकचा वाकवून केलेला आकडा, ज्याचा उपयोग आता कोणाला सांगता येत नाही. भायखळ्याला, जेथे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १९२३ साली माटुंग्याला जाईपर्यंत होती आणि जेथे लक्ष्मणराव किर्लोस्कर एके काळी शिकवीत असत, तेथे यंत्रविद्येचे शिक्षण इंग्रजीतून मिळे. ते न मिळालेल्या माणसांनी तीच विद्या सुताच्या मापाने, मराठीतून आणि बाजारी हिंदीतून, हाताने मिळविली. तिची वही म्हणजे ही पेटी.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या वर्षांत गिरण्या गेल्या, त्यांच्या पाठोपाठ त्यांच्यावर जगणारी लहान वर्कशॉपे गेली, आता चाळी पाडून उंच इमारती होत आहेत. नव्या घरात पलंगाखाली जागा नसते. बिऱ्हाड हलविताना पेटी प्रथम जाते, तीही किलोच्या भावाने. हा व्यवहार करणाऱ्या घरच्या माणसांना दोष देण्यात अर्थ नाही. पेटीत काय आहे हे सांगणारा माणूस आधीच गेलेला असतो, किंवा हयात असला तरी त्याला कोणी विचारलेले नसते.

म्हणून पेटी घेणाऱ्याने पैसे मोजण्यापूर्वी विचारावे. कोणाची होती, कोठे कामाला होते, कोणत्या यंत्रावर, ही खूण कशाची, हा आकडा कशासाठी. उत्तरे त्याच दिवशी कागदावर लिहून कागद पेटीतच ठेवावा. गोट्या बाहेर काढण्याआधी त्या ज्या क्रमाने लावलेल्या असतील त्याचे छायाचित्र घ्यावे; मोबाइल फोनमुळे हे आता अवघड राहिलेले नाही. सुट्ट्या गोट्या एकत्र ढिगात ओतू नयेत. विकणाऱ्याने एखादी गोटी ‘बाबांची आठवण’ म्हणून ठेवून घेतली तर घासाघीस करू नये, फक्त ती कोणती होती ते कागदावर टिपून ठेवावे.

आणि रिकामा खण भरण्याची घाई करू नये. पत्र्याच्या पेटीत ओळीने खण असतात आणि त्यांतला एखादा जवळजवळ नेहमीच रिकामा सापडतो. संग्राहकाचे हात शिवशिवतात. परंतु बहुतेक पेट्यांत जो खण रिकामा असतो तो रोजच्या कामाच्या गोटीचा असतो. तीच सारखी बाहेर काढली जाई, तीच गाडीखाली राहून जाई, तीच शेजारचा मागून नेई. स्कूटरवाल्याच्या पेटीतून ११ची गेलेली असते, जीपवाल्याच्या पेटीतून चार सुताची, रेडिओवाल्याच्या पेटीतून २ बीए. इंग्रजी, अमेरिकन, मिलिमीटर अशा सर्व गोट्या भरलेल्या पेटीचा धनी नेमके कोणते काम करून पोट भरीत होता, हे पुष्कळदा त्या रिकाम्या खणावरूनच कळते.